चार वर्षे झाली, पदवी अजून दूरच आहे. कॉलेज सोडून देऊ का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४१ वर्षांची असून मध्य न्यू जर्सीत राहते. साताऱ्यात एस.वाय. बी.कॉम. उत्तीर्ण झाल्यावर लग्न ठरले आणि टी.वाय. अर्धवट सोडून मी इकडे आले. ग्रीन कार्ड मिळाल्यावर, २०२१ साली, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. आधी नर्सिंगचा विचार होता, म्हणून ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन कोर्स केले. मग तो विचार सोडला आणि आता अकाउंटिंगच्या ए.ए.एस. या दोन वर्षांच्या पदवीच्या अभ्यासक्रमात आहे. पुढे रटगर्ससारख्या विद्यापीठात जाऊन बॅचलर पदवी घ्यावी असे मनात आहे. कोणीतरी सांगितले म्हणून कॅल्क्युलस घेतले आणि ते दोनदा मध्येच सोडले. एका दुकानात आठवड्याला २५ तास नोकरी करते. मागच्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा वर्गात जाणेच बंद केले आणि तिन्ही कोर्समध्ये एफ आला. आजवर ६० क्रेडिटचे कोर्स घेतले, त्यांपैकी ३९ पदरात पडले. आता प्रगती समाधानकारक नसल्याने फायनान्शियल एड थांबू शकते, असे कॉलेजचे पत्र आले आहे. ॲडव्हायजरला, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला, प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटे भेटले होते, त्यानंतर गेलेच नाही. सध्याची ॲडव्हायजर माझ्या भाचीच्या वयाची आहे आणि तिच्यापुढे हे सगळे मांडायला संकोच वाटतो. यजमान म्हणतात, सगळे वेबसाइटवर असते, त्यात विचारायचे काय? हे शिक्षण आता सोडून द्यावे का?
एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिक्षण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याबरोबर दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगते. ॲडव्हायजरसमोर कागद घेऊन निवांत बसल्याशिवाय पुढील सेमिस्टरच्या एकाही कोर्सला नाव नोंदवू नका. मी अनेक वर्षे एका कम्युनिटी कॉलेजात ॲडव्हायजर म्हणून काम केले आहे. तुमच्यासारख्या पत्रातला मजकूर माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्या शेकडो विद्यार्थ्यांकडून मी ऐकला आहे. त्यांच्यापैकी जे अभ्यासात कच्चे होते म्हणून मागे राहिले, त्यांची संख्या थोडी होती. बहुतेकांना कोणता कोर्स कशासाठी घेत आहोत हे कोणी नीट सांगितलेलेच नव्हते, आणि आपण विचारायचे असते हेही त्यांना ठाऊक नव्हते.

हे ठाऊक नसण्यात तुमचा दोष नाही. तुम्ही ज्या महाराष्ट्रात शिकलात तेथे एफ.वाय., एस.वाय. आणि टी.वाय.चे विषय विद्यापीठ ठरवत असे. एखाद्या विषयात नापास झाल्यास ए.टी.के.टी. मिळे आणि पुढचे वर्ष तसेच सुरू होई. सगळी तुकडी एकाच रांगेत चालत असे, त्यामुळे वाट चुकण्याचा प्रश्नच नव्हता. (२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आता तेथेही क्रेडिट, मेजर, मायनर हे शब्द आले आहेत, आणि निवड करताना गोंधळलेल्या मुलांची पत्रे मला पुण्या-कोल्हापुरातूनही येऊ लागली आहेत.) अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात शेकडो कोर्स समोर मांडलेले असतात आणि त्यांतून ६० क्रेडिटची पदवी विद्यार्थ्याने स्वतः जुळवायची असते. ज्यांच्या घरात कोणी येथे शिकलेले नाही, नोकरी सांभाळून शिकावे लागते आणि घरी आजारी माणूसही आहे, त्यांच्यावर हा भार सर्वांत जास्त पडतो. म्हणूनच येथे ॲडव्हायजर हे पद असते. त्यांचे काम सही करण्यापुरते नाही, वाट शोधून देण्याचे आहे.

चांगल्या सल्ल्याने किती फरक पडतो, याचा पुरावा तुमच्यापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पूर्ण वेळ शिकण्याची अट होती. त्या बदल्यात फीमधली उरलेली तूट भरून निघे, पाठ्यपुस्तकांसाठी मदत मिळे आणि प्रवासाचे मेट्रोकार्डही मिळे. पण कार्यक्रमाचा कणा होता ॲडव्हायजर. एरवी त्या कॉलेजांत एका ॲडव्हायजरकडे ६०० ते १५०० विद्यार्थी असत. असॅपमध्ये ही संख्या ६० ते ८० वर आणली गेली, आणि ॲडव्हायजरची नियमित भेट घेणे बंधनकारक केले. एमडीआरसी या संशोधन संस्थेने ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून या कार्यक्रमाची पाहणी केली. हे विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरांतले होते आणि गणित किंवा इंग्रजीची पूर्वतयारी कच्ची असल्याने त्यांना उजळणीचे कोर्स घ्यावे लागणार होते. तीन वर्षांनंतर असॅपच्या गटातील ४० टक्के विद्यार्थ्यांच्या हाती पदवी होती, तर कार्यक्रमाबाहेरच्या दुसऱ्या गटात २२ टक्क्यांच्या. पुढे ओहायोतील तीन कॉलेजांनी हीच पद्धत उचलली, आणि तेथेही तीन वर्षांत कार्यक्रमातील ३५ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, तर कार्यक्रमाबाहेरच्या गटात १९ टक्क्यांना.

न्यूयॉर्कच्या पाहणीतील एक आकडा मी कधी विसरत नाही. असॅपचे विद्यार्थी पहिल्या वर्षात ॲडव्हायजरशी सरासरी ३८ वेळा बोलले होते आणि इतर विद्यार्थी ६ वेळा. तुम्ही चार वर्षांत एकदा भेटलात. तुमच्या कॉलेजात असॅपसारखी व्यवस्था असेलच असे नाही, आणि तुमच्या ॲडव्हायजरकडे शेकडो नावे असण्याचीच शक्यता अधिक आहे. अशा ठिकाणी ती तुम्हाला शोधत येणार नाही. म्हणून असॅपने विद्यार्थ्यांवर जी सक्ती केली, ती तुम्ही स्वतःवर करायची आहे.

आता तुमच्या हिशेबाकडे वळू, कारण तो नाजूक आहे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मदतीच्या नियमानुसार ६० क्रेडिटच्या पदवीसाठी तुम्ही जास्तीत जास्त दीडपट, म्हणजे ९० क्रेडिटपर्यंतचे कोर्स घेऊ शकता. त्या मर्यादेत पदवी पुरी व्हायची असेल तर घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के क्रेडिट पूर्ण झालेले असावे लागतात. तुमचे ६० पैकी ३९, म्हणजे ६५ टक्के आहेत. पत्र त्यामुळेच आले आहे. एफ आलेले कोर्स घेतलेल्यांत मोजले जातात आणि मध्येच सोडलेले कॅल्क्युलसही मोजले जाते. आता ३९ पैकी ८ क्रेडिट ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे आहेत. त्यांतला एखादा कोर्स विज्ञानाच्या रकान्यात बसेलही, पण दोन्ही बसत नाहीत असे धरले तर अकाउंटिंगच्या पदवीकडे ३१ क्रेडिट जमा आहेत आणि २९ उरतात. ९० ची मर्यादा गाठायला तुमच्याकडे ३० शिल्लक आहेत. म्हणजे यापुढे तुमच्या हाती सगळे मिळून एका क्रेडिटची सूट आहे. त्यातच फेडरल मदत फक्त नोंदवलेल्या अभ्यासक्रमात मोजल्या जाणाऱ्या कोर्ससाठीच मिळते. कोणीतरी सांगितले म्हणून आणखी एक कोर्स घेणे तुम्हाला आता परवडणारे नाही.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेला एक शब्द मला सर्वांत जास्त खटकला. तुम्ही ए.ए.एस. अभ्यासक्रमात आहात आणि तुम्हाला रटगर्सला जायचे आहे. न्यू जर्सीत २००७ साली लॅम्पिट कायदा झाला. त्यानुसार राज्यातील कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. पदवी घेऊन रटगर्ससारख्या राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी पहिल्या दोन वर्षांच्या बरोबरीची धरली जाते. ए.ए.एस. ही पदवी थेट नोकरीसाठी आखलेली असते आणि तिला हे संरक्षण नाही. तिच्यातले काही कोर्स विद्यापीठ स्वीकारेल आणि काही नाकारेल, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण वर्षभराचे शिक्षण आणि त्याचे पैसे त्या अक्षरावर अवलंबून असू शकतात. हे दुखणे देशभराचे आहे. २०१७ साली अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने काढलेल्या अंदाजानुसार २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेले होते. म्हणून ॲडव्हायजरला तुमचा पहिला प्रश्न हाच असू द्या: मी ए.ए.एस. सोडून बिझनेसच्या ए.एस. अभ्यासक्रमात गेले, तर माझ्या ३९ पैकी किती क्रेडिट मोजले जातील आणि किती कोर्स उरतील? अभ्यासक्रम बदलल्यावर जुन्या अभ्यासक्रमाचे निरुपयोगी कोर्स मदतीच्या हिशेबातून वगळण्याची मुभा काही कॉलेजे देतात. तुमचे कॉलेज देते का, हेही त्याच भेटीत विचारा.

कॅल्क्युलसचा प्रश्नही येथेच सुटतो. काही बिझनेस स्कूल प्रवेशाआधी कॅल्क्युलस मागतात, तर काही ठिकाणी संख्याशास्त्र आणि त्याहून सोपे गणित पुरते. तुम्ही कोणत्या विद्यापीठात जाणार हे ठरण्याआधीच तुम्ही त्या विषयाशी दोनदा झुंज दिली. आधी दोन किंवा तीन विद्यापीठे निवडा. एनजे ट्रान्स्फर या राज्याच्या संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स तेथे कशाच्या बदल्यात धरला जातो, हे पाहता येते. मग शेवटाकडून मागे येत यादी करा. आज तुम्ही सोयीची वेळ पाहून कोर्स निवडता आणि ते कोठे नेतील हे नंतर पाहता. तो क्रम उलटा करायचा आहे.

तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. माहिती खरोखरच वेबसाइटवर असते, आणि ॲडव्हायजरकडे जाण्यापूर्वी तुम्ही कॉलेजच्या पोर्टलवरील डिग्री ऑडिट, म्हणजे कोणते कोर्स झाले आणि कोणते राहिले याचा तक्ता, छापून नेलेच पाहिजे. पण ते ऑडिट तुम्ही ज्या अभ्यासक्रमात नोंदवलेल्या आहात त्याचाच हिशेब मांडते. तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी चुकीचा आहे, हे ते कधीही सांगणार नाही. माझ्याकडे एकदा ७१ क्रेडिट पूर्ण केलेली एक विद्यार्थिनी आली होती, आणि तिच्या हाती पदवी नव्हती. सार्वजनिक भाषणाचा ३ क्रेडिटचा एक कोर्स राहिला होता, आणि इंग्रजीत उभे राहून बोलायचे या धास्तीने ती दर सेमिस्टरला त्याच्याऐवजी दुसरे काहीतरी घेत होती. पोर्टलवर तो रकाना दोन वर्षे लाल दिसत होता. त्याच्यामागची धास्ती समोर बसून बोलल्यावरच कळली. तोच कोर्स लहान वर्गात, शनिवारी, एक मनमिळाऊ प्राध्यापक घेत असत. तिने तो घेतला आणि त्याच वर्षी तिला पदवी मिळाली.

आता संकोचाबद्दल. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात, आणि शिक्षणाच्या बाबतीत मी ते फार जवळून पाहिले आहे. ॲडव्हायजर तुमच्या भाचीच्या वयाची आहे, हे खरे. पण घर, नोकरी आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळून कोणी ३९ क्रेडिट मिळवले आहेत, हे ऐकून तिच्या मनात तुमच्याविषयी आदरच निर्माण होईल. तुम्ही बहुधा घरची गोष्ट परक्याला का सांगायची, असाही विचार करीत असाल. तो आपला जुना संस्कार आहे आणि एरवी चांगलाही आहे. परंतु मागच्या वर्षी ती गोष्ट तुम्ही न सांगितल्यामुळेच तीन एफ आले. त्या आठवड्यात तुम्ही एक ई-मेल लिहिली असती तर कोर्स रीतसर सोडून डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) घेता आला असता, एखाद्या प्राध्यापकाने अपूर्ण शेरा देऊन मुदत वाढवली असती, आणि तुमची सरासरी तरी वाचली असती. तुम्ही जे सांगाल ते गोपनीय राहते. फर्पा या १९७४ च्या फेडरल कायद्यानुसार तुमचे शैक्षणिक कागद तुमचे आहेत, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय ते तुमच्या यजमानांनाही दाखवता येत नाहीत.

आलेल्या पत्राला उत्तर द्या, ते बाजूला ठेवू नका. त्यात बहुधा अपिलाची मुदत दिलेली असेल. सध्या केवळ इशारा असेल तर एक सेमिस्टर मदत चालू राहू शकते. मदत थांबली असेल तर अपील करता येते, आणि जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण हे त्यासाठी मान्य होण्यासारखे कारण आहे. अपिलात दोन गोष्टी लागतात: काय घडले आणि आता काय बदलले. पहिलीसाठी सासूबाईंच्या रुग्णालयाचे कागद जोडा. दुसरीसाठी त्यांची देखभाल आता कोण करते, तुमच्या कामाच्या वेळा कशा आहेत आणि उरलेले कोर्स कोणत्या सेमिस्टरला घेणार, हे लिहा. येथे ॲडव्हायजरबरोबर बसून केलेली आखणी जोडली, तर अपील वाचणाऱ्याला तुमच्या शब्दांमागे ठोस आधार दिसतो. अनेक कॉलेजे अशी आखणी मागतातच. पत्र दीनवाणे लिहू नका. जे झाले ते सरळ, एका पानात लिहा, आणि पाठवण्यापूर्वी ॲडव्हायजरला वाचायला द्या.

भेटीची वेळ नीट निवडा. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात आणि नोंदणीच्या शेवटच्या दिवसांत ॲडव्हायजरच्या दारात रांग असते आणि तेव्हा दहा मिनिटेच मिळतात. तुम्हाला प्रवेशाच्या वेळी तेवढीच मिळाली, त्याचे कारणही हेच असावे. ऑक्टोबर किंवा मार्चच्या मध्याला वेळ मागा, तीही अर्ध्या तासाची, आणि शक्यतो दर वेळी त्याच व्यक्तीची. डिग्री ऑडिट, कॉलेजचे पत्र आणि हाताने लिहिलेले तीन-चार प्रश्न बरोबर न्या. एखादे इंग्रजी वाक्य कळले नाही तर पुन्हा सांगायला सांगा, त्याचा कोणालाही राग येत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी एक छोटी ई-मेल पाठवा: आज आपले असे ठरले, माझे समजणे बरोबर आहे ना? ॲडव्हायजर नोकरी सोडून जातात, त्यांच्याकडूनही चुका होतात, अभ्यासक्रमाचे नियम दर वर्षीच्या कॅटलॉगनुसार बदलतात. लिहिलेले उत्तर तुमच्या हाती असेल तर पुढे वाद झाल्यास दाखवायला पुरावा राहतो. पहिल्या भेटीत समाधान झाले नाही, तर अकाउंटिंग विभागातील एखाद्या प्राध्यापकांची वेळ मागा, कारण कोणते विद्यापीठ काय स्वीकारते हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

किती कोर्स घ्यावेत, याबाबत मी असॅपची वाट तुम्हाला सुचवणार नाही. पूर्ण वेळ शिकणारे लवकर पदवी घेतात, हे खरे आहे, पण तुमच्या आठवड्यातले २५ तास नोकरीत जातात आणि एकही कोर्स सुटता कामा नये. वसंत आणि शरद सेमिस्टरला दोन-दोन, उन्हाळ्यात एक, ही चाल मला झेपण्यासारखी वाटते. तसे केल्यास २९ क्रेडिटला साधारण दोन वर्षे लागतील. राज्याच्या कम्युनिटी कॉलेज अपॉर्च्युनिटी ग्रँटसाठी सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट लागतात, म्हणून दोनपेक्षा खाली जाऊ नका. एफ आलेल्यांपैकी जो कोर्स पदवीला लागतोच, तो आधी पुन्हा घ्या. बहुतेक कॉलेजांत नवी श्रेणी सरासरीत जुन्या श्रेणीची जागा घेते. बाकीचे एफ तसेच राहू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्र वाचताना मी तेथेच थांबले. तुम्ही एफ.वाय. आणि एस.वाय. बी.कॉम. उत्तीर्ण आहात. त्या दोन वर्षांतले अकाउंटिंग, अर्थशास्त्र, कदाचित बिझनेस स्टॅटिस्टिक्ससुद्धा, तुम्ही या कॉलेजला कधी दाखवलेच नसावे. परदेशातील अभ्यासक्रमाचे विषयवार मूल्यमापन करणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांच्या अहवालावरून कॉलेज काही क्रेडिट देऊ शकते. समजा, त्यांतले ९ क्रेडिट तुमच्या पदवीत धरले गेले. असे क्रेडिट घेतलेल्यांतही मिळवले जातात आणि पूर्ण केलेल्यांतही, म्हणजे तुमचा हिशेब ६९ पैकी ४८ असा होतो. ते प्रमाण साडेएकोणसत्तर टक्के आहे, म्हणजे ज्या ६७ टक्क्यांसाठी हे पत्र आले त्याच्या वर. शिवाय उरलेले क्रेडिट २९ वरून २० वर येतात, आणि दोन वर्षांऐवजी दीड वर्षात पदवी दिसू लागते. कॉलेज किती मान्य करील हे मी येथून सांगू शकत नाही, पण विचारण्याआधी ही संधी सोडणे योग्य नाही. तुमचे कॉलेज कोणत्या संस्थेचा अहवाल स्वीकारते, हे आधी ॲडव्हायजरकडून जाणून घ्या, मगच पैसे भरा. बहुतेक संस्थांना गुणपत्रके विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात लागतात. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतो, तेव्हा अर्ज कोल्हापूरला करावा लागेल आणि त्याला काही आठवडे लागतील. माहेरी कोणी असेल तर त्यांना आज फोन करा, दोन्ही वर्षांच्या मार्कशीट शोधायला सांगा, आणि तोवर त्यांचे स्वच्छ फोटो मागवून घ्या. पहिल्या भेटीला तेवढे पुरतील.